बारावी सुई

"आपण सरकवलेलं ताट दुसऱ्यानं पुढं ओढलं, की मग त्याचा वास घेत बसायचं नाही बघ पल्लवी. सोसत नाही ते."

सासूबाईंनी, विमल आत्याबाईंनी, हे सांगितलं तेव्हा पल्लवी हसली होती. "माझं पोट भरलंय आत्याबाई," म्हणाली, आणि मांडीवर झोपलेल्या आठ महिन्यांच्या पुट्टीच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते तिनं बघून घेतलं. दिवसातनं वीसदा तरी ती हे बघायची. सासूबाईंचं बोलणं एका कानानं आत गेलं आणि दुसऱ्या कानानं देशपांडे नगरच्या रस्त्यावर पडलं.

ते ताट राघवेंद्र घेऊन आला होता. धारवाडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला तो पल्लवीच्या मागच्या बाकावर बसायचा आणि प्रॅक्टिकलची वही तिची बघून उतरवायचा. आता हुबळीबाहेर तारिहाळच्या बाजूला एका युनिटचा मॅनेजर झाला होता. तिथं अंतराळयानांची पांघरुणं तयार होत. एक बाहेरदेशी यान शनीकडं निघणार होतं, सात वर्षांच्या वाटेला, जिथं सूर्य म्हणजे नुसता एक टपोरा तारा उरतो. त्या थंडीत यानाच्या आतली यंत्रं गोठू नयेत म्हणून त्याच्याभोवती गुंडाळायचं पांघरूण हुबळीत शिवलं जाणार होतं. केसाहून पातळ, चांदीसारख्या चकचकीत फिल्मचे वीस थर, सगळ्यात वरचा सोनेरी, दोन थरांच्या मधे नवरीच्या ओढणीला असते तसली जाळी, आणि सगळी शिवण हाताची, कारण मशीन टाका आवळतं. राघवेंद्र हलक्या हाताच्या बायका शोधत साडीची दुकानं पालथी घालत होता. किरणच्या, म्हणजे पल्लवीच्या नवऱ्याच्या दुकानात शिरला तर गल्ल्याजवळ पल्लवीच बसलेली.

"शिवायला बायका मिळतील," तो म्हणाला, "पण तपासायला माणूस पाहिजे. उष्णता म्हणजे काय ते ज्याला कळतं आणि दर गोष्ट जे तीनदा बघतं असं. तू येतीस काय?"

पल्लवी गल्ल्यामागनं अर्धी उठली. तेवढ्यात पुट्टी खोकली. एकदाच.

"नको रे. ही लहान आहे अजून," पल्लवी म्हणाली. "शिवायला मात्र आमची रेखा घेऊन जा." आणि कोपऱ्यात साडीला फॉल लावत बसलेल्या मुलीकडं तिनं बोट केलं.

रेखा अळणावरजवळच्या एका खेड्यातली, तुकाराम आणि सखूबाईंची थोरली लेक. दहावी झाल्यावर हुबळीला आली, तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत राहायची; पल्लवीचं घर दुकानाच्या वर. तिनं लावलेला फॉल दहा धुण्यांनंतरही काठाला आवळत नसे. शिवाय तिला एक सवय होती. बसताना सुया मोजायची, उठताना मोजायची. ही सवय पल्लवीनंच लावलेली, पुट्टी पोटात होती तेव्हापासून. "एखादी सुई जरी खाली राहिली तर पोर रांगता रांगता तोंडात घालेल," असं म्हणून ती रेखाला रोज तिच्यासमोर मोजायला लावायची. राघवेंद्रनं ती मोजणी बघितली आणि तिथल्या तिथं ठरवलं.

दिवाळी झाली आणि रेखा कामाला लागली.

पहिले दोन महिने गमतीचे गेले. किरण गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची रेखा शनिमहाराजांचं स्वेटर शिवतीया. साडेसाती असेल तर तिच्याकडनं चिठ्ठी घेऊन जावा." रेखा तोंडाला पदर लावून हसायची. पल्लवीही हसायची. मग एक दिवस रेखानं मोबाईलवर फोटो दाखवला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, नुसते डोळे उघडे, आणि समोर सरावाचं झगझगीत सोनेरी पांघरूण पसरलेलं, जणू कुणी देवाला न्हाऊ घालून ऊन दिलंय.

"क्लीनरूम म्हणतात वैनी त्याला. केस न्हाई, पावडर न्हाई, टिकली न्हाई. आत धूळ गेली की संपलंच."

"हं," पल्लवी म्हणाली. "आणि ते बाजूला उभं राहिलेलं कोण?"

"इन्स्पेक्टर मॅडम. बेंगळुरूच्या हायत."

ती बाई पल्लवीच्याच वयाची होती. हातात पाटी, पाटीला लावलेला कागद, कानामागं पेन. पल्लवीनं फोटो मोठा करून तिच्या गळ्याकडं बघितलं. मंगळसूत्र दिसतंय का, पोरंबाळं असतील का. त्या रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

पुढं पुढं तिला रेखाचं सगळंच खुपायला लागलं. युनिटात सगळे तिला रेखाक्का म्हणतात हे खुपलं. इथं ती 'ए रेखा' होती. तिनं घेतलेली नवी चप्पल खुपली. ती आता पायऱ्या चढताना 'येऊ का वैनी' असं पुटपुटत नव्हती, सरळ वर येत होती, हेही खुपलं. सगळ्यात जास्त खुपली ती पुट्टी. बोलायला लागली तेव्हा चमचमणारं काही दिसलं की, मग तो साडीचा काठ असो नाहीतर बिस्किटाचा कागद, ती टाळ्या वाजवून म्हणायची, "एखा."

"एखा नव्हे बाळा, चमचम," पल्लवी सांगायची.

"एखा," पुट्टी म्हणायची.

एका संध्याकाळी रेखा वर आली आणि दारातच फतकल मारून बसली. "वैनी, एक विचारू? वीस गोधड्या घातल्या की ऊब येतीया, हे समजतंय. पण थर एकमेकाला चिकटले की गारवा शिरतोय म्हणतात. हे कसं काय?"

किती दिवसांनी कुणी पल्लवीला असं काही विचारलं होतं. तिनं साडीच्या खोक्याचं झाकण उलटं केलं, पेननं रेघा मारल्या. "उष्णता निसटायला शिवाशिव लागते. एका थरानं दुसऱ्याला हात लावला की त्या हातातनं ती पळाली. मधे पोकळी राहिली, तर तिला पुढं जायला वाट नाही. म्हणून जाळी, म्हणून सैल टाका." मग स्वैपाकघराकडं नजर टाकून हळूच म्हणाली, "सासू-सुनांसारखं धर. एका घरात राहायचं, पण अंगाला अंग लावायचं नाही. तरच घर ऊबदार राहतं."

रेखा इतकी हसली की पुट्टी जागी झाली.

महिन्याभरानं युनिटात पाहुणे आले, मागनं पेपरवाले आले. दुसऱ्या दिवशी विमल आत्याबाई चष्मा लावून मोठ्यांदा वाचत होत्या: "थर म्हणजे सासू-सुना. एका घरात राहायचं, पण अंगाला अंग लावायचं नाही, असं रेखाक्का यांनी हसत हसत सांगताच पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या." आत्याबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "काय बोलली गं पोरगी. दहावी शिकलेली, पण डोकं बघ कसं."

पल्लवी पोळी लाटत होती. ते वाक्य माझं आहे, असं तिला सांगायचं होतं. पण ते कुठल्या तोंडानं सांगणार, आणि कुणासमोर? तिनं पोळी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत तिच्याकडं बघत उभी राहिली.

असं करत दसरा आला. पांघरूण जवळजवळ पुरं झालं होतं. आधीचे महिने नमुने शिवण्यात गेले, मग तीन महिने रेखानं आणि आणखी दोघींनी हे खरं पांघरूण शिवलं होतं, आणि दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ते बंद पेटीतनं रवाना व्हायचं होतं.

खंडेनवमीला दुकानातली आयुधपूजा खालीच असायची. कात्री, मापाचा गज, शिलाई मशीन, सगळ्यांना धुऊन पुसून हळदीकुंकू. मग दशमीला संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आयुधांची विश्रांती. पल्लवी फुलं वाहत होती तेव्हा रेखा मागनं आली. ओच्यातनं कागदाची पुडी काढली. पुडीत एक सुई होती, बारीक, वाकडी, नेढ्याशी इवलासा नंबर कोरलेली.

"ही कुठली?" पल्लवीनं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"माझी. आतली." रेखाचा आवाज उतरला. "आज-उद्या सुट्टी, म्हणून कालच त्यांनी पूजा केली, पण बाहेर. कॉम्प्रेसरला हार, गेटला हार. आत कुंकू चालत न्हाई, म्हणून सुयांना काय न्हाई. वैनी, वर्षभर हिचं खाल्लं. हिच्यावर एक फूल न्हाई पडलं तर कसं? परवा सकाळी युनिट उघडायच्या आधी जागेवर ठेवतो. स्पिरिटनं पुसून."

"मोजणी असते ना तिथं?"

"माझ्या टेबलाची मीच करतो. बारा लिहून आलो." तिनं पल्लवीचा हात धरला. "कुणाला सांगू नका."

पल्लवीनं सुई विड्याच्या पानावर ठेवली, हळद लावली, कुंकू लावलं. रेखानं वाकून नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीनं दसऱ्याला आईवडिलांकडं अळणावरला गेली.

दशमीच्या दुपारी, आत्याबाई आणि पुट्टी वर झोपलेल्या असताना, राघवेंद्रचा फोन आला. "पल्लवी, स्वल्प अर्जंट आहे. रेखाक्का तिथं आहेत काय? फोन लागत नाही."

"गावी गेलीय. जंगलाकडं रेंज नसते."

"अय्यो." तो थांबला. "बाहेरचे पाहणीवाले दोन दिवस आधीच येऊन बसलेत. त्यांना कसली दशमी. सुया मोजल्या, रेखाक्कांच्या टेबलावर अकरा भरतात. बारावी नाही. ती पांघरुणात राहिली असं धरावं लागतं, नियम आहे. एक्स-रे मशीन बेंगळुरूला, माल परवा निघायचा. सहा वाजेपर्यंत सुई कुठं आहे ते कळलं नाही, तर पांघरूण उसवायला घेणार. सगळं. तीन महिन्यांचं काम. आणि बारा लिहून सही रेखाक्कांची आहे. तुला काही माहीत आहे काय?"

पल्लवी पूजेसमोर उभी होती. पितळी ताटलीत, विड्याच्या पानावर, कुंकवानं लाल झालेली सुई तिच्या पायापासून हातभर अंतरावर होती. सुई हरवणं म्हणजे काय, हे अख्ख्या हुबळीत तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एक सुई सापडेना म्हणून तिनं एकदा गादी फाडली होती.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तिच्या कामातलं मी कशाला बघू?"

फोन ठेवल्यावर तिला आत, खोल कुठंतरी, खरवस खाल्ल्यासारखं गोड वाटत होतं. ते गोड वाटणं लपवायला तिनं लगेच एक चांगलं कापड शोधलं. रेखानंच सांगितलंय, कुणाला सांगू नका. शब्द म्हणजे शब्द. इतकं शब्दाला जागणं तिला उभ्या जन्मात कधी जमलं नव्हतं. आणि होऊन होऊन काय होईल? रागावतील चार शब्द. रेखाक्कालाही कळू दे, चूक झाली की कसं वाटतं. आता पेपरवाले काय छापतात बघू.

चार वाजले. पाच वाजले. पुट्टी उठली, तिला दूध पाजलं, नाकापाशी बोट धरलं. साडेपाचला मात्र पल्लवीचा धीर सुटला. ती पुट्टीला घेऊन खाली दुकानात आली, फोन हातात घेतला, राघवेंद्रचं नाव शोधलं. अंगठा नावावर ठेवायचा तेवढा बाकी होता.

तेवढ्यात दारातनं शालिनीकाकू आल्या, समोरच्या औषधांच्या दुकानातल्या. हातात बन्नीची, म्हणजे शमीची पानं, दसऱ्याचं सोनं. "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण," म्हणाल्या. बन्नी घेऊ, सोन्यासारखे राहू. पल्लवीनं पान घेण्यासाठी हात पुढं केला, पण काकूंची नजर तिच्या खांद्यावरनं आत गेली होती.

"तुमच्या रेखाक्का कुठं आहेत? पहिलं पान त्यांना देणार होते मी. आपल्या गल्लीचं नाव शनीपर्यंत नेलं बाई त्यांनी."

"ती नाही," पल्लवी म्हणाली आणि फोन गल्ल्यावर पालथा ठेवला.

सहा वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं रेखा आली. पाठीवर बॅग तशीच, केसांत कालची शेवंती. पूजा उतरली होती, पण सुई पल्लवीनं हलवली नव्हती.

"राघवेंद्रचा फोन आलेला," पल्लवीनं सांगितलं. "सुया मोजल्या म्हणे त्यांनी. अकरा भरल्या."

रेखानं ताटलीतली सुई उचलली. "कवा?"

"काल दुपारी."

"मग सांगितलात न्हवं? इथं हाय म्हणून?"

पल्लवी पुट्टीच्या झबल्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. "तूच म्हणालीस ना, कुणाला सांगू नका."

रेखा बघत राहिली. रागानं नव्हे. एखाद्या साडीचा काठ आवळला की ती जशी बघायची, कुठला टाका ओढला गेला ते शोधत, तशी. मग तिनं सुई कागदात गुंडाळली, बॅग तिथंच टाकली आणि रिक्षा थांबवायला धावली. पुट्टीनं तिच्या पाठीकडं बघून टाळी वाजवली. "एखा."

पांघरूण रातोरात उसवलं गेलं होतं, थर न् थर. सुई अर्थातच निघाली नव्हती. रेखानं राघवेंद्रच्या टेबलावर कुंकू लागलेली सुई ठेवली, काय केलं ते सांगितलं, आणि दुपारपर्यंत तिला घरी पाठवण्यात आलं, कायमचं. संध्याकाळी ती दुकानात आली, बॅग घेतली, आत्याबाईंच्या पाया पडली आणि अळणावरच्या गाडीत बसली. किरणनं खूप विचारलं. "चूक माझीच हाय अण्णा," एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी राघवेंद्र आला. पांघरूण पुन्हा शिवायला घेतलं होतं. यानाची तारीख हुकता हुकता राहिली होती. बेंगळुरूची इन्स्पेक्टर बाई परत गेली होती. "पल्लवी, जागा आहे. पुट्टी आता मोठी झाली की," तो म्हणाला. मग तो पुढं म्हणाला, "रेखाक्कांना मी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत होतं काय. म्हणाल्या, कुणाला नाही. मला वाईट वाटतं. सुई बाहेर नेली एवढंच असतं, तर ताकीद देऊन सांभाळलं असतं मी. पण एवढं मोठं काम उसवल्यावर वरच्यांना काय सांगू?"

आत्याबाई शेंगा सोलत होत्या. पल्लवीनं पुट्टीला त्यांच्याजवळ ठेवलं आणि उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझा फोन आला तेव्हा सुई माझ्यासमोर होती. हातभर."

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.  राघवेंद्रनं कन्नडमध्ये हळू विचारलं, "याक?" का?

"ती रेखाक्का झाली म्हणून," पल्लवी म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही, आणि दुसरं काही नव्हतंही.

त्यानं वर कळवलं. पल्लवीनं लेखी दिलं, सही केली. वरनं उत्तर आलं की सुई बाहेर नेली हे तर खरंच, तेव्हा निर्णय बदलत नाही. तपासणीच्या जागेचं पुन्हा कुणी बोललं नाही. आत्याबाई चार दिवस सुनेशी बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी म्हणाल्या, "पोरीला भेटून ये जा. तोंड दाखव."

पल्लवी गेली. पुट्टीला कडेवर घेऊन, अळणावरला उतरून, रिक्षानं गावात. सखूबाई दारात होत्या. त्यांनी पाणी दिलं, पुट्टीला पेरू दिला. "रेखा रानात गेलीया," म्हणाल्या. उंबऱ्याशी ती नवी चप्पल होती. पल्लवीनं ती बघितली, सखूबाईंनी तिला बघताना बघितलं, आणि दोघी पावसापाण्याचं बोलल्या. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. पल्लवी तासभर बसली. "शिवते काय ती अजून?" निघताना तिनं विचारलं. सखूबाईंनी पुट्टीच्या गालाला हात लावला फक्त.

फोन ती उचलत नाही. चेतन नावाचा कुणी गावातला मुलगा बाजाराला आला होता, तो म्हणाला की रेखाक्का कुणाकडं जात नाहीत, लग्नाचे ब्लाउज घेऊन आलेल्या बायकांना परत पाठवतात. खरं खोटं कळत नाही. यान मात्र निघून गेलं. राघवेंद्रनं सांगितलं, दुसरं पांघरूण रेखाच्याच सैल टाक्यानं शिवलं, आणि त्या टाक्याला युनिटात आता रेखाटाका म्हणतात. हे ऐकलं तेव्हा पल्लवीला पुन्हा तेच खुपलं. एवढं सगळं होऊनही खुपलं. म्हणूनच ती स्वतः परत अळणावरला जायला धजत नाही. तिथं जाऊन ती काय बघेल, आणि कुठल्या डोळ्यांनी, याचा तिला भरवसा नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणी धारवाडहून अळणावरकडं जाणारं असेल, तर पल्लवीचं एवढं काम करा. गावात तुकारामांचं घर विचारा, कुणीही दाखवेल. तिथं तिचं नाव मात्र काढू नका. सोबत एखादी साडी न्या, फॉल लावायचाय म्हणा. दार ओढलेलं असलं तरी थोडं थांबा, पाणी मागा, बसा. रेखा बाहेर येते का, साडी हातात घेते का, जेवते खाते का नीट, तेवढं बघा, आणि देशपांडे नगरला येऊन सांगा.